जळबाचा टोल

पुसेगावच्या शाळेत मी गणित शिकवायला आलो आणि सगळ्यात आधी माझं भांडण झालं ते शिपायाशी. हेडमास्तरांशी नाही, गावच्या पुढाऱ्याशी नाही, थेट जळबा खंदारेशी. कारण काय, तर टोल.

आमच्या शाळेला पितळी घंटा नव्हती. हिंगोली स्टेशनावरून कुणीतरी आणलेला रुळाचा हातभर तुकडा लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला होता. जळबा लोखंडी सळईनं त्यावर टोल द्यायचा. लहानपणी बैलगाडीचं चाक पायावरून गेल्यामुळे तो एका पायानं लंगडत चाले, हातात टोकाला लोखंडी शेंबी मारलेली काठी असे. कचेरीच्या ओट्यापासून लिंबापर्यंत साठ पावलं. आपल्यासारखा माणूस पाऊण मिनिटात जाईल, जळबाला बराबर दीड मिनिट लागे. म्हणून तो टोलाच्या दीड मिनिट आधी उठायचा. अकराचा टोल अकरालाच पडायचा, काटा आणि सळई एकदमच पोचायची. पश्चिमेचं वारं असलं की आवाज त्या बाजूच्या वाडीकडे जात नाही, म्हणून त्या दिवशी तो वाऱ्याकडे तोंड करून दुप्पट जोरानं हाणायचा. आसपासच्या शेतांतली माणसं त्या टोलावर भाकरीचं फडकं सोडायची.

हेडमास्तर रजेवर असताना माझ्याकडे त्यांचा कारभार आला. नेमकी त्याच आठवड्यात तपासणीची जीप सेनगावच्या रस्त्याला दिसली. माझ्या वर्गात तेव्हा बाजार भरला होता. फळा कोरा, दोन पोरं बाकावर उभी. मी ओरडलो, "अरे जळबा, टोल दे! सुट्टी कर!"

"पाच मिनटं हायेत, मास्तर."

"हायेत तर हायेत! मी सांगतोय ना!"

"घड्याळ न्हाई सांगून राहिलं."

तो काही हलला नाही. साहेब आले, पाहायचं ते त्यांनी पाहिलं, आणि मला बोलायचं तेही बोलले. साहेब गेल्यावर माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी जळबाला लेखी ताकीद दिली. त्यानं ती दोनदा वाचली, खाली सही केली, "बराबर" म्हणाला आणि उठून चारचा टोल द्यायला गेला. साठ पावलं, दीड मिनिट. मी घड्याळ लावून पाहिलं, हा माझा स्वभाव.

पुढे बऱ्याच दिवसांनी, राग निवल्यावर, मी त्याला विचारलं, पाच मिनिटांनी काय जग बुडणार होतं? तो म्हणाला, "मास्तर, माझा बाप निजामाच्या टायमाला गावात दवंडी द्यायचा. पाटील म्हनला का वरडायचं, पाटील म्हनला का गप. भर पावसात, जेवनावरून उठून. मला हे काम भेटलं तवा बाप म्हनला, पोरा, तुला आता कोन्या मानसाचा हुकूम न्हाई, घड्याळाचा हाय. म्हनून म्या तेवढाच ऐकतो."

 तरी मी त्याला "अरे जळबा" म्हणायचं सोडलं नाही. वयानं तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता.

त्याचा मुलगा हरिचंद माझा विद्यार्थी. हे मी गावभर सांगत फिरायचो, कारण पोरगं गणितात वाघ होतं. कॉलेज झालं, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि हैदराबादच्या एका विमानशाळेत वैमानिक व्हायला गेलं. ही चौऱ्याहत्तरची गोष्ट. हिंगोलीला स्वतःचा जिल्हा मिळायला अजून पंचवीस वर्षं होती, आम्ही परभणी जिल्ह्यात मोडायचो, आणि पुसेगावात विमान म्हणजे आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारी वस्तू. हरिचंद तिच्यात बसणार म्हटल्यावर माझी छाती त्याच्या बापापेक्षा जास्त फुगली. जळबा आपला टोल देत राहिला.

मे महिन्यात, सुट्ट्या लागल्यावर, हरिचंद अचानक गावी आला. तोंड उतरलेलं. त्याची आई गोजरबाई तीन दिवस त्याला विचारत होती, "काहून रे लेकरा, जेवत काहून न्हाई?" चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि खरं बोलला.

त्या शाळेत विमान शिकवण्याआधी आणि शिकवतानाही एका खोट्या विमानात बसवतात. लिंक ट्रेनर म्हणतात त्याला. लाकडी पेटी, तिला आखूड पंख, आत एक खुर्ची, दांडा, एक घड्याळ आणि घड्याळासारख्याच चकत्या. वरून झाकण लावलं की बाहेरचं काही दिसत नाही. जागच्या जागी ते वळतं, कलतं. बाहेर टेबलाशी गुरुजी बसलेले असतात. त्यांच्यासमोर नकाशा, आणि त्यावर तीन चाकांचं एक यंत्र शाईनं रेघ ओढत जातं, म्हणजे आतला माणूस कुठे पोचला ते कळतं. ढगात काही दिसत नसताना विमान खाली कसं आणायचं, याची परीक्षा त्या पेटीत होते.

"कोणत्या कोणत्या विषयात नापास झालास?" मी विचारलं.

"येकाच, सर. उतरन्यात."

पहिल्यांदा त्यानं उतरायला उशिरा सुरुवात केली. वाट दाखवणाऱ्या रेडिओच्या खांबावर पोचताना दोन हजार फुटांवर यायचं होतं, हा साडेतीन हजारांवरच राहिला. दुसऱ्यांदा ती भीती मनात होती म्हणून फार लवकर सुरुवात केली आणि नकाशावरचा डोंगर फोडून पलीकडे निघाला. त्या कागदावरच्या डोंगरात आपण सराव धरून आठ वेळा मेलो, असं तो म्हणाला आणि हसला. आता तिसरी आणि शेवटची संधी होती. यात गेला तर शिष्यवृत्ती बंद, शाळा बंद, वैमानिक होणं बंद. परीक्षेला बारा दिवस होते.

मी म्हणालो, "बापाला सांगितलंस?"

"कसं सांगू? त्यांचा टोल जलमात चुकला न्हाई. आन् मी दोनदा."

मीच सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. जळबानं सगळं ऐकून घेतलं आणि पोराला एकच विचारलं, "उतरायला किती वेळ लागतो?"

हरिचंदनं अंगणात काडीनं आखून दाखवलं. विमान सहा हजार फुटांवर. खांब छत्तीस मैलांवर. वेग मिनिटाला दोन मैल. "सध्या वारं बिरं सोडून देऊ," तो म्हणाला. म्हणजे खांबाला पोचायला अठरा मिनिटं. खांबावर दोन हजारांवर पाहिजे, म्हणजे चार हजार फूट उतरायचं. मिनिटाला पाचशे फूट, त्याहून जास्त वेगानं उतरलं तर गुण कापतात.

"मंजे आठ मिनटं," जळबा म्हणाला. "मंग खांबावरून उलटं मोज. अठरातून आठ गेले, दहा. दहाव्या मिनटाला उठायचं. मी लिंबावरून मोजतो, तू वट्यावरून मोजून राहिला. वट्यावरून मोजलं का चुकतंच."

मी गणिताचा मास्तर, मान्य करायला जीव जातो, पण या पोराला हे इतक्या सोप्या शब्दांत कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. ते काम मी "वजाबाकी" म्हणून शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून जळबाच्या अंगणात विमान तयार झालं. शाळेतली एक मोडकी खुर्ची, तीही मीच नेऊन दिली. पायांमध्ये दांडा म्हणून गोजरबाईचं मुसळ. झाकण म्हणून डोक्यावरून गोधडी. मे महिना, हिंगोलीकडचं ऊन, आणि गोधडीच्या आत वैमानिक. गोजरबाई दर दहा मिनिटांनी तांब्या घेऊन येई आणि म्हणे, "आगं माय, उकडून मरंल की लेकरू! त्या हैदराबादला मानसं हायेत का कोन?" गोधडीतून हरिचंद ओरडे, "माय, मी ढगात हाय, आता बोलू नको!"

उंची दाखवायला घड्याळ पाहिजे होतं. सुट्टीत शाळेचं घड्याळ जळबाच्या घरी असे, तो रोज चावी द्यायचा. मी म्हणालो, तेच घ्या, लहान काटा हजार, मोठा काटा शेकडे, फिरवत बसा. जळबा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला घर पेटवायला सांगितलं होतं.

"उतरायचं मंजे काटे उलटे फिरवायचे ना?"

"हो."

"न्हाई. घड्याळ उलटं फिरवायचं नसतं."

मग त्यानं पुठ्ठा कापला. कोळशानं गोल काढला आणि सवयीनं बारा आकडे घातले. हरिचंद म्हणाला, "बाबा, बारा न्हाई, दहाच असतात." जळबा म्हणाला, "दहालाच दिस बुडला का तिकडं?" आणि पुसून दहा घातले. काटे म्हणून बाभळीचे दोन काटे, एक लांब, एक बुटका. ते तो गोधडीत हात घालून बोटानं उलटे सरकवायचा, आणि घड्याळाच्याच बोलीत बोलायचा. पाच हजार पाचशे म्हणजे साडेपाच, दोन हजार साडेसातशे म्हणजे पावणेतीन. हे हरिचंदला फार मानवलं. तिकडे इंग्रजी आकडे वाचता वाचता त्याचा गोंधळ उडायचा, इकडे काट्याकडे नजर गेली की झालं. लहानपणापासून "बघ रे किती वाजले" याला त्यानं हजारदा उत्तर दिलं होतं.

मिनिटाला अर्धा. साडेपाच, पाच, साडेचार. जळबा शेजारी शाळेचं घड्याळ घेऊन बसायचा आणि दहावं मिनिट भरलं की शेंबीची काठी जमिनीवर दोनदा ठोकायचा. ठक, ठक. तो टोल ऐकून हरिचंद उतरायला लागायचा. असं सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी जळबानं काठी बाजूला ठेवली. "आता तूच मोज," तो म्हणाला. पहिल्या वेळी हरिचंद अकराव्या मिनिटाला उठला, दुसऱ्या वेळी नवव्या. बाहेर आला तेव्हा घामानं निथळत होता, आणि नुसत्या उन्हाचा घाम नव्हता तो. "बाबा, तुमचा टोल असला का जमतं," तो म्हणाला. जळबानं काठी उचलली नाही. पण त्या रात्रीपासून जळबाचं जेवण कमी झालं असं गोजरबाई मला सांगत होती.

निघायच्या दिवशी तीच अडून बसली. "येकटं धाडू नका त्याला. तुमी जा संगं." जळबाला लांबचा प्रवास नको होता, पण गेला. मी कशाला गेलो? मला कुणी बोलावलं नव्हतं. माझा विद्यार्थी, माझी अब्रू, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे घरी बसून मला चैन पडलं नसतं.

एसटीनं हिंगोली, तिथून छोट्या गाडीनं वसमत, पूर्णा, आणि पुढे सिकंदराबाद. वाटेत हरिचंद खिडकीशी ओठ हलवत बसला होता. साडेपाच, पाच, साडेचार. जळबा समोर बसून त्याच्या ओठांकडे बघत होता. मी दोघांना चहा पाजत होतो आणि बडबडत होतो.

विमानशाळा म्हणजे एक लांब पत्र्याची शेड आणि बाजूला खोल्या. पेटीची खोली लाकडी फळ्यांच्या जमिनीची होती. गुरुजी नेमसिंग म्हणून फौजेतून आलेले, पांढऱ्या दाढीचे. आम्ही दाराशी घुटमळलो. त्यांची नजर जळबाच्या पायाकडे गेली, काठीकडे गेली.

"कौन है ये?"

"मेरे पिताजी, सर. और ये मेरे मास्टरजी."

"धूप में क्यों खड़े हो चाचा? अंदर बैठो. मगर चुप बैठना." आणि भिंतीजवळचा बाक दाखवला.

तिथून टेबलावरचा नकाशा दिसत नव्हता, तो आडवा पसरलेला होता. पण टेबलाच्या माथ्यावर उंचीची चकती उभी होती, आतल्यासारखीच, आणि ती आम्हाला स्वच्छ दिसत होती. भिंतीवर घड्याळ होतं. जळबानं ते बघितलं आणि माझ्या कानात म्हणाला, "दोन मिनटं मागं हाय." अशा वेळीही.

नेमसिंगांनी हरिचंदला एक चिठ्ठी दिली. त्यानं ती वाचली, मांडीवरच्या पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग पेटीत शिरला. झाकण बंद झालं. आतून मोटर घरघरू लागली. नेमसिंगांनी दोन्ही कानांवर ऐकायचं यंत्र चढवलं आणि टेबलाकडे तोंड केलं. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

चकतीवर काटे सहावर बराबर उभे राहिले. जळबानं भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघून ठेवला.

पहिली पाच मिनिटं गेली. आठवं मिनिट. नववं. जळबाची बोटं काठीवर आवळत होती. दहावं मिनिट भरलं. मी चकतीकडे बघितलं. सहा बराबर. काटा हलला नाही.

अकरावं. सहा बराबर.

जळबाची काठी जमिनीपासून चार बोटं वर उचलली गेली होती. कधी उचलली ते त्यालाही कळलं नसावं.  कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याला आला होता आणि तो पुसत नव्हता. आयुष्यभर दीड मिनिट आधी उठलेला माणूस, त्याच्यासमोर वेळ टळत होती आणि त्याला बसून राहायचं होतं.

बारावं मिनिट. मला राहवलं नाही. मी त्याच्या कानाशी लागलो.

"ठोक, जळबा! दोनदा ठोक. पोराला कळेल. साहेबांना ऐकू येत नाही, कानावर यंत्र आहे त्यांच्या."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. रागाची नव्हती. घाबरलेली होती, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्याला ठोकायचंच होतं.

"अरे पोरगं जातंय हातचं!" मी म्हणालो. "ठोक!"

जळबानं काठी सावकाश खाली घेतली. आवाज होऊ नये म्हणून शेंबी आधी पायाच्या पंजावर टेकवली. मग काठी आडवी करून बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसला.

"टोल त्याचा हाय, मास्तर," तो पुटपुटला. "घड्याळ त्याच्यापाशी हाय."

मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. म्हाताऱ्या, तुझ्या घड्याळापायी माझी तपासणी गेली, आता तुझं लेकरू जातंय. तेरावं मिनिट गेलं, चौदावं गेलं. मी हिशेब करत होतो. आता चारच मिनिटं उरली, चार मिनिटांत दोन हजार फूटच उतरता येणार, म्हणजे चारवर राहील, पहिल्या वेळेपेक्षाही वर. पंधरावं. माझ्या डोळ्यांसमोर गोजरबाई आली, तांब्या घेऊन उभी असलेली. तिला काय सांगायचं?

सोळावं मिनिट भरलं आणि लांब काटा हलला.

पावणेसहा. साडेपाच. मिनिटाला अर्धा, एका रेषेत, कुठे धक्का नाही की घाई नाही. बाभळीचा काटा जळबा ज्या संथपणे सरकवायचा तसाच. पण आता काय उपयोग? अठरावं मिनिट आलं, चकतीवर पाच. खांबावर आलं की टेबलावरचा लाल दिवा लागतो असं हरिचंदनं सांगितलं होतं. दिवा लागला नाही. मला वाटलं, पोरगं रस्ताच चुकलं, खांब सोडून भलतीकडे गेलं. मी डोळे मिटून घेतले. शेजारी जळबा हलक्या आवाजात म्हणत होता, "साडेचार... चार... साडेतीन..." तो थांबला नाही.

"अडीच."

मी डोळे उघडले.

"सव्वादोन. दोन."

लाल दिवा लागला. काटा दोनवर होता आणि तिथेच थांबला. भिंतीवर चोवीस मिनिटं झाली होती.

नेमसिंगांनी यंत्र कानावरून काढलं, नकाशावर वाकून रेघ बघितली, आणि पेटीच्या बाजूवर थाप मारली. "निकल बाहर, खंदारे! अब के पहाड़ नहीं फोड़ा तूने. पास!"

मला काही कळेना. दहाच्या जागी सोळा, अठराच्या जागी चोवीस, आणि पास कसा? बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा मी पहिलं तेच विचारलं. हरिचंदचा सदरा अंगाला चिकटला होता, तो हसत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"वारं व्हतं, सर. चिठ्ठीत दिलं व्हतं. समोरून ताशी तीस मैलांचं. मिनटाला दोन मैलांच्या जागी दीडच मैल. छत्तीस मैलांना चोवीस मिनटं. खांबावरून उलटं मोजलं, आठ गेले, सोळा राहिले."

मी मनात हिशेब केला. दहाव्या मिनिटाला उतरायला लागला असता तर खांबाच्या नऊ मैल अलीकडेच दोन हजारांवर आला असता. तोच डोंगर होता तिथे.

जळबा कपाळावर हात मारून म्हणाला, "वारं! अरे, म्या रोज वाऱ्याकडं तोंड करून टोल देतो, आन् माझ्याच ध्यानात न्हाई आलं."

"बाबा, तुमाला खरं सांगू का?" हरिचंद म्हणाला. त्याचं हसू आता थांबलं होतं. "हिशेब केला व्हता, पन भेव वाटून राहिलं व्हतं. दहावं मिनिट झालं आन् मला वाटलं, आता तुमची काठी वाजनार. म्या येक कान मोकळा ठेवला व्हता त्याच्यासाठी. यंत्र सरकवून. सोळा मिनटं कान देऊन बसलो. काठी वाजली असती ना, तर म्या चिठ्ठी बिठ्ठी सारं सोडून उतरलो असतो. तुमचा टोल कधी चुकतच न्हाई, मंग माझाच हिशेब चुकला असंन, असंच वाटलं असतं."

 जळबा पोराकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ. मला वाटलं आता सांगतो. सांगायला हवंच होतं त्यानं. माझी लेखी ताकीद त्याच्या घरच्या ट्रंकेत अजून घडी करून ठेवलेली होती.

"माझी काठी तर वर उचलली व्हती रे," जळबा म्हणाला. "पन मास्तर संगं व्हते. त्यांच्यामुळं दम धरता आला."

हरिचंद वाकला आणि माझ्या पाया पडला. मी त्याला उठवलं. खरं काय ते मात्र मी सांगितलं नाही. परतीच्या गाडीत जळबा पूर्णेपर्यंत शांत झोपला. मला झोप आली नाही. हिंगोलीला उतरताना मी म्हणालो, "जळबाजी, सांभाळून, पायरी उंच आहे." त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

पुढे हरिचंद विमानं चालवू लागला. गावी आला की आधी माझ्या घरी यायचा, पेढे ठेवायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा की त्या दिवशी सरांनी बाबांना धीर दिला म्हणून मी आज इथे आहे. जळबा शेजारी बसून मान डोलवायचा. मरेपर्यंत त्यानं हेच सांगितलं, आणि मीही ते चालवून घेतलं. हरिचंद, हे तू वाचशील तेव्हा आधी एवढं वाच. दम तुझ्या बापानं एकट्यानं धरला होता. मी त्यांच्या कानाशी लागून दोनदा म्हणालो होतो, ठोक.